क्रमशः काका

माणूस दुसऱ्याच्या घरी गेला की बूट काढतो, पाणी घेतो, मुलं कशी आहेत ते विचारतो. क्रमशः काका दारातूनच विचारायचे, "ते अर्धं राहिलेलं कुठवर आलं?" पायपुसण्यावर एका पायावर उभे राहून, एका हातानं भिंत धरून ते बूट काढत असायचे, आणि उत्तर मिळेपर्यंत तो बूट काही निघायचा नाही. बाहेर जानेवारीची थंडी, आत हीटिंग चालू, दार सताड उघडं आणि हे तसेच उभे. शेवटी "चाललंय, काका" असं धडधडीत खोटं बोलावं, तेव्हा कुठे आमचं दार लागायचं.

या माणसावर चार चांगले शब्द लिहून द्या, म्हणून आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचा नवा संपादक अमोल महिनाभर माझ्या मागे लागलाय. काका मुलीकडे कायमचे राहायला गेले, त्यांच्यावर अंकात काहीतरी हवंच, असं त्याचं म्हणणं. चांगले शब्द लिहीन. पण आधी वाईट लिहिते, कारण ते जास्त आहेत.

काका मूळचे इचलकरंजीचे. आमच्या या गावात, मॉरिसव्हिलमध्ये, आम्हा आयटीवाल्यांची गर्दी व्हायच्या कितीतरी आधी ते इथल्या कापड गिरणीत नोकरीला आले. गिरण्या बंद पडल्या, काका राहिले. मंडळाचा दिवाळी अंक त्यांनी कधी हातात घेतला हे कुणालाच आठवत नाही; मी आले तेव्हा तो त्यांच्याच हातात होता आणि सोडायची चिन्हं नव्हती. आता गंमत अशी, की या संपादकानं जन्मात स्वतः एक ओळ लिहिलेली नाही. एकदा चिडून मी विचारलंच, "काका, तुमचं काय अर्धवट राहिलंय?" ते शांतपणे म्हणाले, "माझं काहीच नाही. मला लिहायला येत नाही. येत असतं तर तुमच्या मागं कशाला लागलो असतो?" असं सरळ उत्तर आलं की भांडणाची मजाच जाते. तरी उंटावरून शेळ्या हाकणं याहून वेगळं काय असतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्यांचं हे नाव कसं पडलं तेही सांगते. कुणी हौसेनं काही लिहायला घ्यावं, मध्येच सोडून द्यावं, हे सगळीकडे होतं. आपल्याकडे लोक ते विसरतात. काका विसरत नसत. तुम्ही कधीकाळी "जरा बघा हं" म्हणून पाठवलेलं काहीही ते जपून ठेवत, आणि अंकात पानं उरली की तुम्हाला न विचारता छापून खाली जाड अक्षरांत "क्रमशः" असं टाकत. एका डेंटिस्ट बाईंची चार ओळींची कविता त्यांनी अशी छापली. दिवाळीच्या कार्यक्रमात, शाळेच्या कॅफेटेरियात फराळाची ताटं हातात घेऊन लोक बाईंना विचारत होते, की पुढच्या ओळी कधी. त्या बाईंनी रागानं आमचं मंडळ सोडलं आणि कविता पूर्ण करून शार्लट शहरातल्या मंडळाच्या अंकात दिली. काकांना हे कळलं तेव्हा अपमान वगैरे काही वाटला नाही. म्हणाले, "झाली ना पुरी? मग बास की."

"अर्धवट म्हणजे वाईट नव्हे. अर्धवट म्हणजे भित्रं," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते कुणाच्याही तोंडावर म्हणायला त्यांना काही वाटायचं नाही. माझ्या तोंडावर त्यांनी ते इतक्यांदा म्हटलंय, की भाजी निवडतानाही मला ते ऐकू येतं.

माझं अर्धवट म्हणजे एक कादंबरी. लग्न करून नागपूरहून आले तेव्हा मी डिपेंडंट व्हिसावर होते. नवऱ्याला नोकरी, मला नोकरी करायची मनाई. गाडी एक, तीही अभिजित सकाळी घेऊन जायचा. लायसन्स नाही, ओळखी नाहीत, खिडकीबाहेर पाइनची झाडं. डोकं फिरू नये म्हणून मी लिहायला बसले. वर्ध्याची वृंदा नावाची इंजिनीअर मुलगी, अशीच अपार्टमेंटमध्ये अडकलेली, नवऱ्याशी दिवसाकाठी "जेवलीस का" एवढंच बोलणं होणारी. एका दुपारी ती बॅग भरते, कॉम्प्लेक्सच्या गेटपर्यंत येते आणि तिथे उभी राहते. एवढं लिहून झालं आणि मला वर्क परमिट मिळालं. मग नोकरी लागली, मी ड्रायव्हिंग शिकले, मुलगी झाली, घर घेतलं. वृंदा मात्र गेटवरच उभी राहिली. तिचं पुढे काय करायचं हे मला सुचेना, आणि खरं सांगायचं तर ते सुचवून घ्यायची माझी इच्छाही नव्हती. त्या काळात लिहिलं होतं तेवढं सगळं मी काकांना वाचायला पाठवलं होतं. माझी एवढीच चूक.

कित्येक वर्षांनी एका दिवाळीत अंक उघडला, तर पुरवणीत वृंदा. माझ्या नावासकट. खाली "क्रमशः". माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. देशी ग्रोसरीत भेंड्या निवडणाऱ्या बायका माझ्याकडे वळून बघायला लागल्या. एका काकूंनी माझा हात हातात घेऊन "आता सगळं ठीक आहे ना गं?" असं विचारलं. वृंदा म्हणजे मी नव्हे, वृंदा वर्ध्याची आहे, तिचे केस कुरळे आहेत, असं मी सांगत सुटले. कुणाचा विश्वास बसेना.

अभिजितनं ते डायनिंग टेबलाशी बसून फोनवर वाचलं. मी डिशवॉशर लावत होते, म्हणजे त्याच त्या वाट्या काढून पुन्हा लावत होते. वाचून झाल्यावर त्यानं फोन पालथा ठेवला.

"ती जाते का?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. पुढे लिहिलंच नाही."

"अच्छा," तो म्हणाला, आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेला. नंतरचा महिना आमच्या घरी फार शिस्तीत गेला. तो मला विचारल्याशिवाय टीव्ही लावेना आणि मी त्याला विचारल्याशिवाय भाजी टाकेना. बरा चाललेला संसार होता आमचा. एका म्हाताऱ्याच्या चोंबडेपणानं त्यात तिसरं माणूस येऊन बसलं होतं, आणि त्या माणसाला मीच जन्म दिला होता. काकांना फोन करून मी वाट्टेल ते बोलले. ते सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "ते असू दे. पुढं काय?"

मी ठरवलं, यापुढे एक अक्षर लिहायचं नाही. बसू दे वाट बघत.

पण काका वाट बघत बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांची काम करायची पद्धत गिरणीतली होती. ते म्हणत, मागावरचं कापड नेहमी अर्धंच असतं; शिफ्ट संपली की पहिला कामगार उठतो, दुसरा येऊन तिथूनच पुढे चालवतो; कापडाला काय ठाऊक हात कुणाचा. इथली गिरणी बंद पडली त्या दिवशी म्हणे मागांवर कापड तसंच होतं, आणि मालकांनी ते कापून कचऱ्यात टाकायला लावलं. नोकरी गेल्याचं काकांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्या कापडाचा विषय मात्र ते मुंजीच्या पंगतीतही काढायचे. एरवी मला त्यांची दया आली असती. पण हा शिफ्टचा कायदा त्यांनी माझ्या कादंबरीला लावला.

पुढच्या दिवाळीच्या अंकात वृंदाची पुढची कहाणी होती. लेखक अमोल. हाच, आताचा संपादक. तेव्हा नुकताच पुण्याहून आलेला, वाकडचा मुलगा. त्याच्या प्रकरणात नवरा ऑफिसमधून लवकर येतो, पार्किंग लॉटमध्ये गुडघे टेकतो, सॉरी म्हणतो. वृंदा ढसाढसा रडते, त्याला तिथल्या तिथे क्षमा करते आणि घरी जाऊन त्याच्यासाठी उकडीचे मोदक करते. मी ते पान दोनदा वाचलं. मोदक! वर्ध्याची बाई रागानं भरलेली बॅग खाली ठेवून उकड काढायला बसेल? तिनं फार तर चार भांडी आपटून आमच्या नागपूरकडचा वडाभात केला असता, आणि तोही त्याला दिला नसता.

अमोलला फोन केला तर तो बिचारा गांगरला. "ताई, सॉरी यार. काकांनी डेडलाइन दिली होती. म्हणाले शिफ्ट बदललीय, तू घे. मी वीकेंडला बसून संपवलं. तुम्हाला आवडलं नाही का?" आवडलं नाही का, हे विचारण्याची हिंमत पुण्याच्याच माणसात असते.

मी गाडी काढून थेट काकांच्या घरी गेले. ते ओट्याशी उभे राहून मिरच्या भाजत होते, घरभर ठसका पसरला होता. मला खोकला लागला म्हणून त्यांनी खिडकी उघडली, पण माफी नाही मागितली. मी म्हणाले, काका, वृंदा माझी आहे, तिला हात लावायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?

"तू टाकून दिली होतीस की तिला," ते म्हणाले. "गेटवर उभी होती पोर किती वर्षं. तिला कुणीतरी घरी नेऊ दे, नाहीतर पुढं नेऊ दे."

"असं? मोदक करायला?"

"ते मलाही पटलं नाही. मग तू लिही. लिही, की अमोलचं सगळं खोटं होतं."

"मी लिहिणार नाही."

"बरं," म्हणून त्यांनी मिरच्या खलबत्त्यात घातल्या. "मग अमोललाच सांगतो. तो म्हणत होता, पुढच्या अंकात वृंदाला दिवस गेलेले दाखवू."

मी घरी आले आणि त्याच आठवड्यात जुनी फाइल उघडली. लोक म्हणतात, लेखकाला आतून काहीतरी खुणावतं, जुनी पात्रं बोलावतात. मला कुणी बोलावलं नाही. मी निव्वळ चिडून गेले. जुनं लिहिलेलं पुन्हा वाचणं याइतकी लाजिरवाणी गोष्ट नसते. पानापानावर पाइनची झाडं सळसळत होती आणि वृंदा दर दोन परिच्छेदांनी उसासे टाकत होती. ते उसासे मी काढले. शनिवारी सकाळी मुलगी स्विमिंगला जायची तेव्हा तलावाकाठच्या बाकावर बसून, क्लोरिनच्या वासात, दात ओठ खात मी ती कादंबरी पुरी केली. माझ्या शेवटात वृंदा गेटमधून निघते, रस्त्यानं बरीच चालते. मागून नवऱ्याची गाडी येते, तो काही न बोलता दार उघडतो, ती काही न बोलता आत बसते. मला ते फार समंजस वाटलं होतं. खाली मी स्वतः "समाप्त" लिहिलं, जाड अक्षरांत, आणि ते कुणी बदलू नये म्हणून काकांना पीडीएफच पाठवलं.

अंक निघाला, लोकांनी कौतुक केलं. ग्रोसरीतल्या काकूंनी मला मिठी मारली. काका काहीच बोलले नाहीत. त्याच सुमारास त्यांची नजर कमी झाली, गाडी चालवणं बंद झालं, आणि मुलीनं त्यांना अर्विंगला न्यायचं ठरवलं. अर्विंग टेक्ससमध्ये, आमच्यापासून विमानाच्या अंतरावर. माझा आनंद गगनात मावेना, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत होते. निरोप द्यायला मी त्यांच्या आवडीचं भरलं वांगं घेऊन गेले, कारण तेवढी माणुसकी माझ्यात आहे. घरात खोकीच खोकी होती. त्यांनी डबा घेतला, आणि मला वाटलं, आता तरी दोन शब्द बोलतील.

"शेवट तुझा नाही तो," ते म्हणाले. "ती गाडीत बसली नसती. तू बसवलीस तिला."

मी विचारलं, कशावरून?

"घरात वाचणारा माणूस आहे तुझ्या. त्याला बघून लिहिलंस." मग डब्याचं झाकण उघडून वास घेत म्हणाले, "वांगं चांगलं झालंय."

दुसऱ्यांदेखत रडायची मला सवय नाही, म्हणून मी गाडीत येऊन रडले. रागानं. इतक्या वर्षांच्या छळानंतर मी त्या माणसाच्या हातात पुरं केलेलं काम ठेवलं होतं, आणि त्यानं त्यातलं फक्त वांगं पसंत केलं.

घरी येऊन मी हे सगळं अभिजितला सांगितलं, या अपेक्षेनं की तो तरी चिडेल. तो मुलीच्या सायकलची चेन बसवत होता. हात काळे झालेले. वर न बघता म्हणाला, "मलाही वाटलं होतं, ती बसणार नाही."

पुढच्या शनिवारी मी पुन्हा तलावाकाठच्या बाकावर बसले आणि "समाप्त" हा शब्द खोडला. गाडी काढून टाकली. वृंदा गेटमधून बाहेर पडते. थोडं पुढे गेल्यावर फूटपाथ संपतो, जसे आमच्याकडचे सगळे संपतात, मध्येच. ती कडेच्या गवतातून बॅग घेऊन चालत राहते, लायब्ररीपर्यंत. मागे वळून बघत नाही. तिथे कादंबरी संपते. हे लिहायला मला अर्धी सकाळसुद्धा लागली नाही. लागणार कशी? मी स्वतः तो रस्ता चालले होते. ग्रोसरीतल्या काकूंचं बरोबर होतं. केस तेवढे माझे सरळ आहेत. त्या दुपारी मी लायब्ररीत जाऊन बसले होते, भूक लागली तशी संध्याकाळी चालत परत आले होते, आणि बॅग कपाटात ठेवून कुकर लावला होता. कुणाला कळलं नव्हतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

अभिजितनं नवा शेवट वाचला. या वेळी मी वाट्या लावल्या नाहीत, समोर बसले.

"एक लिहिलं नाहीस," तो म्हणाला.

"काय?"

"तो मागून येत होता ते. ऑफिसचा बॅज विसरला म्हणून घरी आला होता, तर ती रस्त्यानं जाताना दिसली. मग लांबून गाडी घेऊन येत राहिला. ती आत होती तोवर लायब्ररीच्या पार्किंगमध्ये बसून होता. ती परत निघाली, तसा परत आला."

त्या संध्याकाळी तो नेहमीच्या वेळेला आला होता. "जेवलीस का" म्हणाला होता.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" मी विचारलं, आणि माझा आवाज चढला होता.

"तू तरी कुठे सांगितलंस?"

मग आम्ही भांडलो. शिस्त वगैरे सगळी गुंडाळून, मुलगी वरून "आर यू गाइज ओके?" असं ओरडेपर्यंत भांडलो. उतरून का आला नाहीस, हाक का मारली नाहीस, हे मी विचारलं. तू थांबली नसतीस, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या दिवसाबद्दल आम्ही पहिल्यांदा बोलत होतो. बोलून झाल्यावर दोघांनाही फार भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी मी नवा शेवट अर्विंगला पाठवला. नमस्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही, नुसती फाइल. तिथल्या मंडळात काकांनी आता कुणा बाईची अर्धी राहिलेली नाटुकली धरलीय, असं मी अमोलकडून ऐकलं होतं. त्या बाईची मला कीव यायला हवी होती. आला तो मत्सर, आणि त्याबद्दलही मी काकांनाच दोष देते.

रविवारी सकाळी, लोक झोपलेले असतात त्या वेळी, त्यांचा फोन आला. ही त्यांची जुनी वेळ. मुलीनं वाचून दाखवलं म्हणाले. आवाज थोडा बारीक झाला होता. मी उठून किचनमध्ये आले, फोन कानाशी घट्ट धरला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. विसरलेला बॅज, लांबून येणारी गाडी, लायब्ररीचं पार्किंग, सगळं ओठावर होतं. म्हटलं, विचारू देत आता.

"झालं गं," काका म्हणाले. "आता झालं बघ." आणि नेहमीसारखा, अच्छा न म्हणता फोन ठेवून दिला.

मी ओट्याशी तशीच उभी राहिले, बंद फोन कानाला लावून. विचारा की, काका. पुढं काय, ते विचारा की.